आईला स्वतः चालवायला कॉम्पॅक्ट एसयूव्ही कुठली घ्यावी?

बी ४०२ : नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना, जरा मदत हवी आहे. आईसाठी गाडी बदलायची आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय आणि उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन गेलंय, डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिलीय आणि गाडी तीच चालवणार, आम्ही कोणी नाही. आत्ताची सेडान फार खाली आहे, बसताना ती धपकन खाली जाते आणि उतरताना दाराला धरून कशीबशी उठते. सगळे म्हणतात कॉम्पॅक्ट एसयूव्ही घे. कुठली बघू? ऑटोमॅटिक हवी एवढंच नक्की आहे.

डी ५०१ : ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमीच्या आसपास असलेली कुठलीही घे रे, उंच गाडी म्हणजे चढउतार सोपी.

डी ५०१ : आणि घेतोच आहेस तर टॉप व्हेरिएंट घे

सी २०५ : दादा एक मिनिट, मी फिजिओ आहे म्हणून बोलते. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते, सीट किती वर आहे ते त्यातून कळत नाही. दोन गाड्यांचा क्लिअरन्स सारखा असून सीटच्या उंचीत चांगला चार बोटांचा फरक पडू शकतो आणि गुडघ्याला तोच फरक जाणवतो. ब्रोशरमध्ये हा आकडा बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. सेडानमध्ये हे साधारण ५० सेंमीच्या आसपास येतं, कॉम्पॅक्ट एसयूव्हीत ६० ते ७० च्या मध्ये कुठेतरी, पण प्रत्येक गाडीचं वेगळं.

बी ४०२ : मग आईसाठी किती हवं ताई?

सी २०५ : ते आकड्यावर नाही, काकूंच्या उंचीवर आहे. त्यांना सीटकडे पाठ करून उभं करा, सीटची कड मांडीच्या वरच्या भागाला टेकली पाहिजे, म्हणजे नुसतं मागे टेकलं की बसल्या. कड गुडघ्याच्या जवळ लागली तर गाडी खाली आहे, टाचा उचलाव्या लागल्या तर गाडी वर आहे. बसायची पद्धतही तीच, आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. एक पाय आत टाकून दुसऱ्या पायावर तोल सांभाळत बसायचं ही सवय खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी चांगली नाही, सगळं वजन वाकलेल्या एका पायावर येतं आणि वर शरीराला पीळ पडतो. आणि बसल्यावर गुडघे खुब्याच्या पातळीच्या वर जायला नकोत, शोरूममध्ये सीटच्या उंचीचा लिव्हर वापरून हेही बघा.

ए १०३ : मी सांगतो माझा अनुभव, मी व्हीलचेअर वापरतो आणि हँड कंट्रोल बसवलेली गाडी चालवतो हे बहुतेकांना माहीत आहे. उंच गाडी सगळ्यांना सोपी असं नाही. व्हीलचेअरची सीट जमिनीपासून ५० सेंमीच्या आसपास असते, समोर गाडीची सीट ६५ ला असेल तर तेवढा चढ मला दोन हातांच्या जोरावर करायचा असतो, पाय मदत करत नाहीत, खांद्यांवर फार ताण येतो. माझ्यासाठी चेअरच्या पातळीच्या जवळ असलेली सीट बरी, मधे ट्रान्सफर बोर्ड टाकून सरकता येतं. काकूंचं उलट आहे, त्या उभ्या राहू शकतात पण खाली वाकून उठू शकत नाहीत, त्यांना वरची सीट सोयीची. दोघांनाही लोक ‘चालायला त्रास’ एवढंच म्हणतात आणि एकच गाडी सुचवतात. म्हणून कुठली गाडी चांगली हे विचारण्याआधी हे विचार, की आईला बसताना नक्की कुठे अडतं, उतरताना कुठे अडतं आणि चालवताना कुठे दुखतं, तीन वेगळी उत्तरं येतील बघ.

ए ३०२ : काका हे एकदम पटलं 🙏

सी ६०३ : आमच्याकडे एसयूव्हीला बाजूला फूटस्टेप लावून घेतली होती सासूबाईंसाठी, ती शेवटी काढून टाकली. कॉम्पॅक्ट गाडीत तिची गरज नसते आणि ती बाहेर आल्यामुळे सीटपर्यंत पोचायला आणखी लांबून मागे टेकावं लागतं, पिंडरीला लागते ती वेगळीच.

सी २०५ : बरोबर. त्याऐवजी दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, किती रुंद आणि उंच आहे ते बघा. काही गाड्यांत आतला फ्लोअर सिलपेक्षा खोल असतो, मग उतरताना पाय आधी वर उचलून मग बाहेर काढावा लागतो, सांधे आखडलेल्या माणसाला हे रोज नको होतं. सिल आणि फ्लोअर जितके एका पातळीत तितकं चांगलं. सीटच्या बाजूचे फुगवटेही बघा, स्पोर्टी सीटमध्ये ते उंच असतात, सरकताना मांडी अडते.

बी ४०२ : इलेक्ट्रिक बघू का? ऑटोमॅटिकचा प्रश्नच मिटतो.

डी ५०१ : चालवायला नक्की सोपी, क्लच नाही, गिअरचा झटका नाही, आणि जिथे रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी मंदावणं, जास्त ठेवता येतं तिथे अॅक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतः मंदावते, म्हणजे ब्रेककडे पाय नेणं बरंच कमी होतं. उजव्या पायाला आराम.

ए १०३ : त्याबरोबर फ्लोअर पण बघा. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे फ्लोअर वर येतो, सीट मात्र त्या प्रमाणात वर जात नाही, मग बसल्यावर गुडघे वर येतात आणि मांडीखाली सीटचा आधार उरत नाही. मागच्या सीटवर जास्त जाणवतं, पण काही गाड्यांत पुढेही. म्हणजे बाहेरून सीट उंच, बसायला छान, आणि आत पाय मात्र पाटावर बसल्यासारखे. ताईंनी वर गुडघ्यांचं जे सांगितलं ते नेमकं इथे बिघडतं. सगळ्यांत असं नसतं, बसूनच कळेल.

सी ६०३ : आमची एएमटी आहे, ऑटोमॅटिकच म्हणायचं ना तिला पण

डी ५०१ : हो, पण तिच्यात आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम मशीन करतं, म्हणून हळू ट्रॅफिकमध्ये झटका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या प्रकारची ऑटोमॅटिक जास्त मऊ चालते, ब्रेक हलका सोडला की स्वतः हळू पुढे सरकते, पार्किंगमध्ये नुसत्या ब्रेकवर गाडी लावता येते. काकूंसाठी मी एएमटी शेवटी ठेवेन. आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकबरोबर ऑटो होल्ड असलीच पाहिजे, सिग्नलला गाडी थांबली की ती ब्रेक धरून ठेवते आणि पाय मोकळा होतो. सनरूफपेक्षा ही गोष्ट हजारपट उपयोगाची, मी वर टॉप व्हेरिएंट म्हणालो त्याचं खरं कारण हेच.

बी ४०२ (आई) : मी आई. मुलाने ग्रुप दाखवला, सगळं वाचलं, तुम्ही सगळे इतक्या मनापासून लिहिताय त्याबद्दल आभार. पण मला दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत कारण गाडीत रोज मी एकटी असणार आहे. बसायला हाताला काहीतरी धरायला लागतं आणि मी पाहिलेल्या गाड्यांमध्ये वरचं हँडल बाकी सगळ्या दारांना होतं, ड्रायव्हरच्या दारालाच नव्हतं, मग स्टिअरिंग धरून उठावं लागतं किंवा दार धरावं लागतं आणि दार तर हलतं. दुसरं म्हणजे दार उघडं टाकून पाय बाहेर काढेपर्यंत ते परत माझ्या पायावर येतं. तिसरं, माझी काठी. बसल्यावर ती मागच्या सीटवर ठेवायला खांदा वळत नाही, शेजारच्या सीटवर ठेवली तर ब्रेक मारला की खाली पडते. आणि डिकीचं झाकण वर गेलं की माझा हात पोचत नाही. मला गाडी हवी आहे ती कुणाला बोलवायला लागू नये म्हणून, त्यामुळे या गोष्टी मला इंजिनापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

ए ३०२ : काकू किती नेमकं लिहिलंत, हे सगळं आपल्या लक्षातच आलं नव्हतं

ए १०३ : वहिनी, हँडलसाठी एक सुटा दांडा मिळतो, दार उघडल्यावर चौकटीवर जी यू आकाराची लोखंडी कडी दिसते, जिच्यात दाराचं लॉक अडकतं, त्यात तो अडकवायचा आणि त्यावर जोर देऊन उठायचं, सीटच्या शेजारीच पक्का आधार मिळतो. दार लावायच्या आधी काढायचा मात्र आठवणीने. तुमच्या गाडीच्या कडीत बसतो का आणि किती वजन घेतो ते घेण्याआधी बघा. दारासाठी असं करा, उघडताना ते दोन की तीन टप्प्यांवर थांबतं आणि प्रत्येक टप्प्यावर किती घट्ट उभं राहतं ते बघा, जमल्यास थोड्या उतारावर गाडी उभी करून. ज्या दाराचा मधला टप्पा ढिला, ती गाडी सोडून द्या.

सी २०५ : काकू, काठी घडीची घ्या, दाराच्या खिशात मावते. दाराचा खिसा किती लांब आणि खोल आहे हे पण बघायच्या यादीत टाका. डिकीसाठी बटणाने बंद होणारं झाकण मिळालं तर उत्तम, नाहीतर झाकणाच्या आतल्या हँडलला पट्टा बांधून घेता येतो. डिकीचा उंबराही मोजा, सामान तिथपर्यंत उचलावं लागतं, कॉम्पॅक्ट एसयूव्हीत तो बराच वर असतो आणि आत परत खोलगट असला की वाकून काढावं लागतं. रोजच्या पिशव्या मागच्या सीटवर ठेवलेल्या बऱ्या.

डी ३०४ : फिरती गादी मिळते ना सीटवर ठेवायला, वळायला सोपं जातं

सी २०५ : बसताना वापरा, पण ती अंगाखाली ठेवून गाडी चालवू नका. माणूस वर उचलला जातो, बेल्ट नीट बसत नाही आणि ब्रेक दाबताना खाली गादी सरकते. त्यापेक्षा सीटचं कापड बघा, खरखरीत कापडावर अंग अडकतं, गुळगुळीत कव्हरवर वळता येतं. पण बाहेरून कव्हर शिवून घेणार असाल तर सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का आधी विचारा, साधं कव्हर ती झाकून टाकतं आणि ती नीट उघडत नाही.

बी ४०२ : बापरे हे माहीतच नव्हतं

ए १०३ : एअरबॅगवरून अजून एक. गुडघा दुखतो म्हणून माणसं सीट पुढे ओढून बसतात, छाती स्टिअरिंगच्या जवळ जाते. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंमी अंतर राहिलं पाहिजे, एअरबॅग फार जोरात उघडते. म्हणून स्टिअरिंग नुसतं वरखाली होऊन उपयोग नाही, आतबाहेरही झालं पाहिजे, टेलिस्कोपिक म्हणतात ते, काही कंपन्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ते देत नाहीत. मला हँड कंट्रोल बसवताना गुडघ्याच्या एअरबॅगचाही विचार करावा लागला होता, ज्या गाडीत ती आहे तिथे लिव्हरचा रॉड तिच्या वाटेत येऊ शकतो.

डी ३०४ : काका हँड कंट्रोल म्हणजे नक्की कसं चालतं? आमच्या नात्यात एकाला लागणार आहे

ए १०३ : स्टिअरिंगखाली एक दांडा येतो. पुढे ढकलला की ब्रेक, आणि प्रकारानुसार स्वतःकडे ओढला किंवा मांडीकडे दाबला की अॅक्सिलरेटर, एक हात कायम त्यावर असतो म्हणून स्टिअरिंगवर गोल नॉब बसवतात, एका हाताने फिरवायला. फक्त उजवा पाय कामाचा नसेल तर अॅक्सिलरेटर डाव्या पायाकडेही घेता येतो. आणि फक्त डावा पाय कमजोर असेल तर साधी ऑटोमॅटिक पुरते, काही बसवायची गरजच नाही. जे काही बसवाल ते आरटीओत नोंदवून आणि इन्शुरन्सला कळवूनच, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण होईल. आणि बसवणाऱ्याला गाडी बुक करायच्या आधी दाखवा, बुक केल्यावर नाही.

सी ६०३ : स्क्रीनबद्दल कोणीच बोललं नाही. हल्ली एसी पण टचस्क्रीनवर असतो, बोटं कडक असली की चालत्या गाडीत नेमकी जागा दाबता येत नाही, गोल फिरवायचं बटण असलेली गाडी बघा.

सी २०५ : +१. आणि मान वळत नसेल तर ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा, इशारा आणि चांगला मागचा कॅमेरा. कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या मागच्या काचा लहान आणि खांब जाड असतात, मान वळवूनही फारसं दिसत नाही.

बी ४०२ : सगळं लिहून घेतलं. एक सोसायटीतला प्रश्न, आमचं पार्किंग दोन खांबांच्या मधे आहे, ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडतं. गाडी कितीही चांगली घेतली तरी आई तिथे पाठमोरी बसूच शकणार नाही.

ए ००१ : कडेची माझी जागा घ्या, तिकडे एका बाजूला पूर्ण मोकळं आहे. मला खांबांमधली चालेल, माझी गाडी लहान आहे. कमिटीला आजच पत्र देतो.

बी ४०२ (आई) : भाऊ, फार मोठी मदत केलीत, याची मला सगळ्यात जास्त काळजी होती.

बी ४०२ : दादा मनापासून धन्यवाद 🙏 मग रविवारी सकाळी तीन शोरूम करून येतो, आई, टेप आणि काठी घेऊन.

सी २०५ : सकाळी नको. काकूंना संध्याकाळी घेऊन जा, दिवसभराच्या वापराने गुडघे थकलेले असतात तेव्हा. सकाळी ताज्या पायांनी सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. रोजच्याच चपला घालून जा आणि प्रत्येक गाडीत एकदा नाही, लागोपाठ पाच-सहा वेळा बसायला उतरायला लावा, मधे सेल्समनला हात द्यायला देऊ नका. तीन शोरूम एका दिवसात नको, एक बघून घरी या, दुसऱ्या दिवशी खुबा कसा आहे ते बघून पुढची.

बी ४०२ (आई) : बरोबर आहे तुझं. शनिवारी संध्याकाळी एकच बघून येते.