आडनाव काढून टाका म्हणणं मला पटत नाही

गोदाकाठ:
बीडच्या पोलिसांनी २०२५ मध्ये छातीवरच्या नावपट्टीवरून आडनाव काढलं, फक्त पहिलं नाव ठेवलं. आडनाव वाचून लोक जात ठरवतात, हे कारण. जिल्ह्यात तेव्हा काय वातावरण होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून वर्दीपुरतं मला मान्य आहे. पण आता सगळीकडूनच आडनाव घालवा असं बोललं जातंय, त्याला माझा ठाम विरोध आहे.

आडनावात आपल्या मुलखाचा नकाशा आहे. नांदेडकर, सेलूकर, पाथरीकर ही नावं बहुतेक गाव सोडल्यावर लागलेली. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? देगलूर-धर्माबादकडं चिद्रावार, गादेवार भेटतात. तो 'वार' तेलुगूतल्या 'वारु'वरून आलेला, म्हणजे अमक्या घरचे. लातूर-उमरग्याचे बिराजदार सीमा ओलांडली की बीदर-कलबुर्गीतही तेच बिराजदार. परगण्याचा वसूल देशमुखाकडं, हिशोब देशपांड्याकडं, आणि गावपातळीवर तीच जोडी पाटील-कुलकर्ण्यांची. वतनं गेली, नावं उरली. हे सगळं एका फटक्यात पुसायचं?

बिंदुसरा:
दादा, नकाशा वाचणारे तुमच्यासारखे थोडे. मी स्पर्धा परीक्षेसाठी संभाजीनगरला खोली शोधत होते. घरमालकीण बाईंनी चहा दिला, भाडं ठरलं, मग विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालीस?" मी माझं आणि वडिलांचं सांगितलं. "ते नाही, आडनाव." सांगितलं. तर म्हणाल्या, खोली कालच एकाला दिली. पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतून गेले, 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. ज्याच्या आडनावापुढं दार उघडतं त्याला आडनाव म्हणजे इतिहास. आम्हाला ते दाराची कडी आहे.

जुनी वही:
दोघांनाही एक सांगतो. आडनाव आपण समजतो तितकं पक्कं कधीच नव्हतं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा आम्हीही निजामकाळातले उर्दू कागद काढले. पणजोबांची नोंद 'अमका वल्द तमका' एवढीच, बापाच्या नावावर संपलेली. आडनावाचा पत्ता नाही. ते पहिल्यांदा दिसतं आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. त्यात उर्दू लिपीला 'ळ' नाही, म्हणून 'काळे'चं 'काले' होतं. असल्या एका अक्षरापायी लोक प्रतिज्ञापत्रं करत फिरतात. बदलण्याचं म्हणाल तर बाबासाहेबांचं घराणं मूळ सकपाळ. आंबडवे गावावरून आंबडवेकर, पुढं आंबेडकर. आडनाव बदलल्यानं इतिहास बुडत नाही, उलट नवा घडतो.

गोदाकाठ:
ताई, तुमच्याशी जे झालं ते चूकच, त्याला दुसरा शब्द नाही. पण त्या बाईंनी आडनावाऐवजी गाव विचारलं असतं, गल्ली विचारली असती. खेड्यात तर कोणत्या आळीत राहता एवढ्यावर समजतं. खोट आडनावात नाही, विचारणाऱ्याच्या मनात आहे. जिथं गरज नाही तिथं आडनाव विचारूच नये, हे मला शंभर टक्के मान्य. स्वतःहून लावणाऱ्याला मात्र अडवू नका. आणि जुनी वही, तुमचं बरोबर आहे, पण शंभर वर्षांचं असलं तरी ते आमच्या घरचं आहे.

बिंदुसरा:
मन बदलायला पिढ्या जातात, पट्टी एका दिवसात बदलते. मला खोली या वर्षी हवी होती.

आणि 'आमच्या घरचं' म्हणजे कुणाचं? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव आलं, चांगलं झालं. पण शेवटी आडनाव बहुतेक बापाचंच. तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय, दादा? आईच्या आईचं?

गोदाकाठ:
उत्तराला उशीर झाला, कारण मला ते माहीत नव्हतं. आईला फोन लावला. आजीचं माहेर मानवतजवळ, घरापुढं चिंच होती, भाऊ तिघं, हे तिनं भराभर सांगितलं. आडनावाला अडली. मावशीला विचारून सांगते म्हणाली. अजून फोन आलेला नाही.