डिस्कॉर्डवरच्या लोकशाही गेममध्ये मंत्री काढायचा नियम सुचवा (पाच ओळींत!!)

मतदार_क्र_१७
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले ३१ जण डिस्कॉर्डवर (ग्रुप-गप्पांचं ॲप) लोकशाही-लोकशाही खेळतो. म्हणजे निवडणूक होते, राष्ट्राध्यक्ष, सभापती, तीन मंत्री, आणि मग सगळे मिळून सिव्हिलायझेशन या कॉम्प्युटर गेमचा एकच डाव पुढे नेतो. बाहेर याला डेमोगेम म्हणतात. डावाची सेव्ह फाइल अर्थमंत्र्याकडे असते आणि आमचा अर्थमंत्री ११ दिवस गायब आहे!! डाव ठप्प. घटनेत फक्त 'पदाधिकाऱ्यास बहुमताने काढता येईल' एवढंच लिहिलंय. सभापती म्हणतो बहुमत कुणाचं ते लिहिलेलं नाही, सबब मी ठराव घेत नाही. (सभापती त्याचा रूममेट आहे.) अटी: पाच ओळींत मावला पाहिजे, खर्च शून्य, बॉट (आपोआप कामं करणारा प्रोग्राम) नको, शनिवारी मतदान.

कर्वे_रोडचा_वकील
सभापतीचं चूक नाही. बहुमत कुणाचं हाच सगळा खेळ आहे. ३१ पैकी १६, की आलेल्या १२ पैकी ७? १९९३ ला लोकसभेत सुप्रीम कोर्टाचे न्या. रामस्वामींना हटवायचा ठराव आला, बाजूने १९६, विरोधात शून्य, तटस्थ २०५. ठराव पडला, कारण कलम १२४(४) ला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. म्हणजे गप्प बसणाऱ्यांनी वाचवलं. तुमच्याकडे निम्मे लोक नुसते मीम टाकायला येतात त्यामुळे 'एकूण' लिहिलंत तर जन्मात कुणी निघणार नाही. माझा एक मसुदा तयार आहे, २२ पानी, पाठवू का?

मतदार_क्र_१७
पाच ओळी म्हटलंय दादा

निवृत्त_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत चेअरमनला काढायचा प्रयत्न झाला होता. सभा पार्किंगमध्ये, खुर्च्या मांडवाल्याच्या, त्याही चेअरमनच्याच ओळखीच्या. कोरम होईना म्हणून अर्धा तास थांबलो, तेवढ्यात लाइट गेली आणि जे दहा जण होते त्यातले चार घरी जेवायला गेले. चेअरमन अजून आहे. लिफ्टही अजून बंद आहे. तेव्हा बाळा, नियम बियम ठीक आहे, आधी माणसं गोळा होतात का ते बघ.

हिंजवडी_फेज३
आम्ही ऑफिसच्या सर्व्हरला (म्हणजे डिस्कॉर्डवरच्या ग्रुपला) पेड बॉट घेतला, एकदम मक्खन, मतदान संपलं की रोल, म्हणजे पद आणि त्याचे अधिकार, आपोआप काढतो. पैसे टाका थोडे, काय एवढं. आणि एक सांगा, सर्व्हरचा मालक कोण? कारण डिस्कॉर्डवर कुणालाही फक्त आपल्या खालचेच रोल काढता येतात, आणि मालकाला तर कुणीच काढू शकत नाही, त्याने स्वतः मालकी दिली तरच. तुमची घटना काहीही म्हणो. ऑडिट लॉग (कुणी काय बदललं त्याची नोंद) पण ४५ दिवसांचाच राहतो, पुरावे हवे असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मतदार_क्र_१७
मालक सभापती आहे

हिंजवडी_फेज३
मग झालं कल्याण

शनिवारपेठ_कट्टा
एका मताचं महत्त्व काय ते १७ एप्रिल १९९९ ला बघितलंय आपण, २६९ विरुद्ध २७०, वाजपेयींचं सरकार अविश्वास ठरावावर गेलं. त्यामुळे साधं बहुमत ठेवूच नका.

कर्वे_रोडचा_वकील
तो अविश्वास ठराव नव्हता. विश्वासदर्शक होता. सरकारनेच मांडलेला.

शनिवारपेठ_कट्टा
सरकार गेलं ना? मग झालं तर.

कर्वे_रोडचा_वकील
नाही झालं. कुणी मांडायचा हाच तर इथे प्रश्न आहे.

मृगाक्षी८८
भांडा तुम्ही. आमच्या जुन्या सर्व्हरवर एका महिन्यात तीन राष्ट्राध्यक्ष काढले, आठवड्याला एक ठराव, शेवटी उभं राहायलाच कुणी तयार होईना आणि सर्व्हर मेला. मग कळलं जर्मनीत चॅन्सेलर (तिथला पंतप्रधानच) नुसता काढता येत नाही, त्याच ठरावात पुढचा कोण ते निवडावं लागतं. १९८२ ला श्मिट गेले ते कोल यांना निवडूनच. तर तसं लिहा: नाव द्या मग काढा. आणि पडलेला ठराव महिनाभर परत आणायचा नाही. माझं तर मत आहे की आधी सभापतीचंच बघा, लोकसभेत स्वतःला हटवायचा ठराव चर्चेला असताना सभापती खुर्चीवर बसू शकत नाही, कलम ९६. तुमच्याकडे ठराव दाबायलाच तो बसलाय.

निवृत्त_सेक्रेटरी
नाव द्यायला गेलात की तोच म्हणतो मग तुम्हीच व्हा सेक्रेटरी. मी असाच झालो होतो. नऊ वर्षं.

पीएमटी_पास
मला वाटतं हजर असतील त्यांचंच बहुमत धरावं, एकूण धरलं तर कुणी निघणार नाही.

कर्वे_रोडचा_वकील
हे मी वर लिहिलंय.

खजिनदार_गायब
मीच तो. सबमिशन होतं. वायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी दोन तास उभं केलं. आणि सेव्ह फाइल ज्या लॅपटॉपवर आहे तो रिपेअरला आहे, चार्जिंगचं पोर्ट गेलं. ११ नाही १० दिवस झालेत.

मतदार_क्र_१७
अरे व्हॉट्सॲपवर तरी सांगायचंस की!! तुझ्या रूममेटला तरी!!

खजिनदार_गायब
त्याला सांगितलं होतं

पीएमटी_पास
😂😂 मला एक कळत नाही, सेव्ह फाइल एकाच्याच लॅपटॉपवर का ठेवता? शेअर्ड ड्राइव्हवर टाका, दर वेळी खेळून झालं की नवीन फाइल, जुनी पुसायची नाही. माणूस पळाला तरी खेळ चालू.

मृगाक्षी८८
हे बरं बोललास.

मतदार_क्र_१७
अपडेट. शनिवारी रात्री झालं मतदान, २२ आले, १९-३. सभापती आधी ऐकत नव्हता, मग त्यालाही काढायचं ठरतंय म्हटल्यावर चर्चेला घेतलं. पण काढायचा नियम आम्ही ठेवलाच नाही. सगळ्यांची मुदत ६० वरून १५ दिवस केली आणि फाइल ड्राइव्हवर. नकोसा माणूस असला तर पंधरा दिवस सहन करायचा. तीन ओळींत बसलं. सगळ्यांचे आभार.

कर्वे_रोडचा_वकील
दर पंधरा दिवसांनी निवडणूक? कोण घेणार?

मतदार_क्र_१७
सभापती.

हिंजवडी_फेज३
बॉट घ्या.

शनिवारपेठ_कट्टा
अर्थमंत्री कोण झालं शेवटी?

मतदार_क्र_१७
तोच. दुसरा कुणी उभाच राहिला नाही. लॅपटॉप बुधवारी मिळणार म्हणतो.