जास्वंदीच्या कळ्या आणि बागेच्या जुन्या गप्पा (अनुभव धागा)

गच्चीवरची

आज सकाळी बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न आला, "जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, उपाय सुचवा." सोबत फोटो. लगेच उत्तरं सुरू. ताक घाला. केळ्याची सालं घाला. दृष्ट काढा (हा विनोद असावा अशी आशा). तेवढ्यात कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघाला आणि दुपारपर्यंत जास्वंद केक-फुग्यांखाली गाडली गेली. हाच प्रश्न गेल्या महिन्यातही आला होता, तेव्हा गणपतीचे फोटो वर चढले होते.

मला एकदम आमचा याहू ग्रुप, म्हणजे मेलवर चालणारा गप्पांचा गट, आठवला. २००४-०५ चा सुमार, मोजकी मंडळी, रोमन लिपीत मराठी आणि मध्येमध्ये इंग्रजी. तिथेही हाच प्रश्न निघाला होता. नागपूरच्या एका काकांनी सांगितलं, उपाय नंतर, आधी गळलेली कळी ब्लेडने उभी चिरा आणि आत काय आहे ते कळवा. चिरली. आत बारीक पिवळट अळ्या! मग बरेच दिवस मेलामेली चालली. कळीत अंडी घालणारी चिलटासारखी माशी असते, अळी कळीबरोबर खाली पडते, मातीत कोष करते, माशी होऊन पुन्हा वर. म्हणजे वरून कितीही फवारा, खाली पडलेल्या कळ्या तशाच राहिल्या तर चक्र चालूच. रोज कळ्या वेचायच्या, पिशवीत गच्च बांधून टाकायच्या, कंपोस्टात तर मुळीच नाहीत. आणि खरी गंमत पुढे. पुढच्या पावसाळ्यात काकांनी कुणी न विचारता मेल टाकला: "फरक आहे. पूर्ण गेली नाही."

हे "पुढे काय झालं" मला आता कुठे सापडत नाही. याहू ग्रुप्सवरचा जुना साठा डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकला गेला आणि वर्षभरात ग्रुपही बंद झाले. काकांचं खरं नाव मला कधी माहीतच नव्हतं.

तर लिहा. मेल, ऑर्कुट, फेसबुक, इन्स्टा, तुमची बाग कुठून कुठे गेली? विषयांतराला पूर्ण मुभा आहे, नाहीतरी कोण थांबतंय.

कुंडीतला_आंबा

ऑर्कुट!!! काय आठवण काढलीत. तिथल्या एका कम्युनिटीत ओळख झालेल्या ताईंकडून ब्रह्मकमळाचं पान घ्यायला डोंबिवलीहून मुलुंडला गेलो होतो. पान हो, रोप नाही. आई म्हणाली, पानासाठी लोकलचं तिकीट काढणारा तू पहिलाच. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, ब्रह्मकमळ अजून आहे. त्याची पानं आता अर्ध्या सोसायटीत आहेत.

मिरजकर

कळ्या गळायचं मुख्य कारण पाणी. एक दिवस भरपूर, दोन दिवस कोरडं, असं केलं की गळणारच. आणि कळ्या धरल्यावर कुंडी जागची हलवू नये.

गच्चीवरची

मिरजकर दादा, धागा त्याबद्दल नाहीये हो 😄 पण लिहिलंत ते बरोबर आहे.

मिरजकर

शीर्षकात जास्वंद आहे म्हणून लिहिलं.

न्यूजर्सीची_सून

इथे आले तेव्हा मला गार्डनवेबने वाचवलं. १९९५ पासूनची साइट, सगळे अमेरिकन आजी-आजोबा. पहिला प्रश्न कायम एकच, तुमचा झोन कोणता? म्हणजे हिवाळ्यात तुमच्याकडे पारा किती खाली जातो, त्याशिवाय पुढे बोलणंच नाही. मी गेले होते कढीपत्ता कसा जगवायचा विचारायला. त्यातल्या कुणी कढीपत्ता पाहिलेला नव्हता, पण लिंबाची झाडं घरात ठेवणारे बरेच होते. त्यांनी सांगितलं, दोन्ही एकाच कुळातली, लिंबाचं जे करतो तेच कर. पारा दहा सेल्सिअसच्या खाली जायच्या आत झाड घरात, हिवाळ्यात पाणी अगदी कमी, पानं गळली तरी घाबरून खत घालायचं नाही. ते झाड अजून आहे. फोडणीला दुकानातून पाला आणावा लागत नाही.

बियांची देवघेव पण असायची. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट पाठवायचं, समोरचा त्यात बिया भरून परत टाकायचा. २०१५ मध्ये हाउझ नावाच्या घरसजावटीच्या साइटने गार्डनवेब घेतलं. मग हळूहळू जुनी मंडळी पांगली, मी पण फेसबुकवर देशी भाज्यांच्या ग्रुपात आले. इथे "पडवळाचं बी कुणाकडे आहे" म्हटलं की तासाभरात मिळतं, ते तिथे कधीच मिळालं नसतं. पण झोन कुणी विचारत नाही. टेक्सासवाली बाई फेब्रुवारीत टोमॅटो लावते, ते बघून इकडे मिशिगनवाली लावते आणि मग रडते.

कुंडीतला_आंबा

मिशिगनवालीला माझा नमस्कार.

कर्जतकर

न्यूजर्सी ताई, कढीपत्त्याचं रोप तिकडे कुरियरने मागवता येतं का? भाचीला हवंय, ती कॅलिफोर्नियात असते.

न्यूजर्सीची_सून

कॅलिफोर्निया असेल तर आधी नियम बघायला सांगा. लिंबू-संत्र्याचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर पण राहते, म्हणून रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घेणं उत्तम. आणि इंडियातून बॅगेत घालून नक्को 🙏

माळीबुवा

माझं रील्सशी वैयक्तिक भांडण आहे. बायकोने बघितलं की गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावली तर हमखास मुळं फुटतात. मी म्हटलं बटाटा कुजतो, काडीही घेऊन जातो. ती म्हणाली वीस लाख लोकांनी पाहिलंय ते काय वेडे आहेत. पाहिलंय म्हणजे लावलंय थोडीच! जुन्या मेल ग्रुपवर कुणी असं टाकलं असतं तर चार रिटायर्ड माणसं तुटून पडली असती, तुम्ही स्वतः केलंय का, किती काड्या लावल्या, किती जगल्या, कुठल्या महिन्यात. उद्धट होती, पण चुकीचं काही टिकू द्यायची नाहीत. रीलखाली तुम्ही हे विचारलंत तर बदाम येतो.

शेवंता

मग बटाट्याचं काय झालं?

माळीबुवा

गुलाब गेला. बटाटा मस्त उगवला.

शेवंता

🤣🤣 दम आलू करा आता

सुमन_ठाणे

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. तुम्ही सगळे ज्या मेलच्या दिवसांबद्दल लिहिताय तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणजे घरात होता, मुलाचा. मला चालू करता येत नव्हता आणि रोमन लिपीत मराठी वाचताना डोकं दुखायचं. बाग मात्र तेव्हाही होती, गॅलरीत चाळीस कुंड्या. बोलायला कोणी नाही. वॉचमन सोडून.

व्हॉट्सॲप आलं तेव्हा सुनेने ग्रुपात घातलं. मी लिहीत नाही, बोलते, फोन स्वतः मराठीत उमटवतो, हे पण तसंच चाललंय. पुदिन्याला पिठ्या ढेकूण झाला होता, म्हणजे मला नाव माहीत नव्हतं, मी "कापूस लागलाय" म्हणायचे. फोटो टाकला. विट्याच्या एका मावशींनी उलट आवाजी निरोप पाठवला, लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब, नीट हलवायचं, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून मारायचं आणि खायचा पाला आहे तर आठवडाभर तोडायचा नाही. मागे त्यांच्या म्हशीचा आवाज. आता आम्ही रोज बोलतो. भेटलो नाही कधी. त्या जुन्या ग्रुपावर विट्याच्या मावशी होत्या का?

गच्चीवरची

नव्हत्या सुमनताई. एकही नव्हती. बायकाच आम्ही दोन-तीन होतो आणि सगळ्या ऑफिसातून मेल करणाऱ्या.

शेवंता

म्हशीचा आवाज ❤️

अ‍ॅडमिन_झालो_नाइलाजाने

कृपया ॲडमिनच्या बाजूने पण कुणी लिहा. २०१६ मध्ये एका ग्रुपात २५६ जण घेता यायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, जग जिंकलं. पाच महिन्यांत भरला. मग "बाग २". मग बाग २ वाल्यांना वाटायला लागलं की सगळे जाणकार बाग १ मध्ये बसलेत आणि आपल्याला उरलेसुरले दिलेत. एका काकूंनी बाग १ मध्ये जागा मिळावी म्हणून मला घरी बोलावून थालीपीठ खायला घातलं. शपथेवर सांगतो. पुढे मर्यादा १०२४ वर गेली तेव्हा दोन्ही एकत्र करू म्हटलं, तर दोन्हीकडून विरोध. फाळणी पक्की झाली होती.

सकाळी सातच्या आत शुभ सकाळ डिलीट करणं ही माझी खरी बागायत. तण काढतो.

कुंडीतला_आंबा

थालीपीठ खाऊन जागा दिलीत का नाही ते सांगा

अ‍ॅडमिन_झालो_नाइलाजाने

एक जण बाहेर पडला होता योगायोगाने.

रोपवेडा

लॉकडाऊनमध्ये इन्स्टावर गेलो आणि खिसा रिकामा करून आलो. मॉन्स्टेराच्या पांढरे डाग असलेल्या एका पानाला लोक माझ्या तेव्हाच्या घरभाड्याइतके पैसे मागत होते आणि देणारे होते. मी ते नाही घेतलं, पण माझ्या काकाने एका विक्रेत्याकडून निळ्या गुलाबाच्या बिया मागवल्या. नाव लिहीत नाही, आता ते पान पण गायब आहे. आल्या त्या बहुतेक कसल्यातरी भाजीच्या. गुलाब बियांपासून आईसारखा येतच नाही, म्हणून तर डोळा भरतात (दुसऱ्या झाडाच्या खोडावर त्याचा डोळा बसवतात) नाहीतर काडी लावतात. आणि निळा गुलाब म्हणून जपानी कंपनीने २००९ मध्ये जो बाजारात आणला तो जनुकं बदलून केलेला, आणि तरी जांभळटच. एवढं साधं कुणी खाली लिहिलं तर विक्रेता कॉमेंट उडवतो. पूर्वी विकणारा आणि सल्ला देणारा वेगळे असायचे, मला तेवढंच खुपतं.

शेवंता

काकांना सांगा, सासऱ्यांनी निळ्या स्ट्रॉबेरीच्या मागवल्या होत्या. एकटे नाहीत.

कर्जतकर

उगवलं काय शेवटी?

रोपवेडा

बहुधा मुळा. कोशिंबीर केली.

फोंडेकरीण

आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) रेंज नाही, त्यामुळे आई अजून या सगळ्याच्या आधीच्या काळात आहे 😀 माझं मात्र सगळं फेसबुकवर. अबोलीचं बी गोळा करायचं जमत नव्हतं, शेंगा कधी फुटून जायच्या कळायचंच नाही. ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी लिहिलं, वाळलेली शेंग तळहातावर ठेव आणि पाण्याचा थेंब टाक. टाकला. फट्ट! बिया डोळ्यापर्यंत उडाल्या. तिला ओल लागली की तडकायचीच सवय, पावसाची वाट बघत असते. आईला दाखवलं तर म्हणते, हे आम्ही लहानपणी खेळायचो, तू विचारलं नाहीस.

आता चहा ठेवते, नंतर लिहिते.

पानफुटी

कुणी ई-फ्लोरा ऑफ इंडियावर, म्हणजे फोटोवरून झाडं ओळखणाऱ्यांच्या गटावर, आहे का? २००७ साली इंडियन ट्री पिक्स नावाचा गुगल ग्रुप म्हणून सुरू झालं होतं. तिथे मी एक रानफूल टाकलं होतं, कास पठारावरचं. उत्तर आलं, फुलाचा फोटो छान पण पानाचा, देठाचा, मागच्या बाजूचा कुठे आहे? तेव्हापासून कुठलंही झाड दिसलं की मी आधी त्याची पाठ बघते, मैत्रिणी हसतात. आता फोन समोर धरला की ॲप नाव सांगतं. सोपं आहे, बरंच बरोबर पण असतं. पण ते "मागची बाजू दाखव" म्हणत नाही.

जुनाट

माझे शंभरेक फोटो होते एका फोटो ठेवायच्या साइटवर, सगळ्या जुन्या पोस्टना तिथूनच जोडलेले. कलम कसं बांधायचं ते टप्प्याटप्प्याने, सुतळी, शेवाळ, सगळं. २०१७ मध्ये त्यांनी बाहेर फोटो दाखवायला पैसे मागितले आणि माझ्या प्रत्येक पोस्टमध्ये फोटोच्या जागी राखाडी चौकोन. मजकूर आहे, "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे" आहे, चित्र नाही. लोक अजून मेसेज करून विचारतात चित्र कुठे.

मिरजकर

गुटी कलम का? पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावं. पेन्सिलीएवढी फांदी, बोटभर साल गोल काढायची, आतला हिरवा चिकट थर खरवडून काढायचा, तो राहिला तर मुळं धरत नाही. ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं गच्च.

जुनाट

घ्या! झालं काम. चित्राची गरजच नव्हती.

गच्चीवरची

मिरजकर दादा, तुम्ही धाग्याच्या विषयावर एकदा तरी लिहा हो. तुम्ही कुठे शिकलात हे सगळं?

मिरजकर

शेजारी नर्सरी होती. आता त्या जागी पार्किंग आहे.

वांद्र्याची_मंजिरी

उशिरा येतेय. डॉ. आर. टी. दोशींची वांद्र्याची गच्ची कुणी पाहिली आहे का? मी लहान असताना बाबा घेऊन गेले होते. प्लास्टिकच्या पिशव्यांत रसवंतीची उसाची चिपाडं ठासलेली, वर थोडं कंपोस्ट आणि माती, त्यात भाज्या आणि चक्क फळझाडं. वजन कमी म्हणून स्लॅबला त्रास नाही. बाबांनी वहीत लिहून घेतलं आणि त्या वहीची झेरॉक्स बाबांच्या ऑफिसात सगळ्यांकडे होती. परवा तीच पद्धत एका मुलाने रीलमध्ये स्वतःचा शोध म्हणून टाकली. बाबांना दाखवली, म्हणाले करतोय ना पोरगा, करू दे, फक्त पहिल्या महिन्यात चिपाडं कुजताना नत्र खातात, थोडी निंबोळी पेंड घाल म्हणावं. मी ते खाली लिहिलं. त्याने लगेच "ओके काका" असं उत्तर दिलं.

शेवंता

बाबांना 🙏

अवांतर: सोनटक्क्याचा कंद कुणाकडे आहे का? पांढरा. नर्सरीवाला देतो तो पिवळा निघतो.

कर्जतकर

माझ्याकडे आहे, विहिरीच्या कडेला माजलाय. तुम्ही कुठे असता?

शेवंता

नाशिक. कुरियरचे पैसे देते.

कर्जतकर

पैसे नकोत, त्याबदल्यात काहीतरी पाठवा. ओल्या फडक्यात गुंडाळू का?

मिरजकर

ओल्या नको, वाटेत कुजेल. माती झटकून एक दिवस सावलीत सुकवा आणि लाकडाच्या भुशात घाला. डोळा वरच्या बाजूला.

शेवंता

लाल देठाची मायाळू चालेल का बदल्यात?

कर्जतकर

पळेल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.