विषय: बाबांना अमरावती विहारात न्यायचंय

नमस्कार मंडळी,
बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले आहेत. रविवारी विहारात वंदनेला जायची त्यांची जुनी सवय. लंडनच्या प्रिमरोझ हिलला बाबासाहेबांचं घर दाखवलं, तिथं बराच वेळ हात जोडून उभे होते. आता विचारतात, "इथं जवळ विहार नाही का?" हेमेल हेम्पस्टेडजवळ अमरावती आहे असं कळलं, पण तिथले बरेचसे भिक्खू गोरे. बाबांना इंग्रजी जेमतेम येतं. त्यांना परकं तर वाटणार नाही ना? जाताना काय न्यायचं?
जय भीम.

---

जय भीम ताई,
खुशाल न्या, फक्त सकाळी न्या. ही थायलंडच्या अरण्य परंपरेची मंडळी. पैशाला हात लावत नाहीत, उद्यासाठी अन्न राखून ठेवत नाहीत, दुपारी बारानंतर जेवत नाहीत. लोक आणून देतील त्यावरच सगळं चालतं. म्हणून घरचा डबा न्या आणि अकराच्या आत पोचा. दान बाबांच्या हातूनच होऊ द्या.

त्यांना हा इतिहास सांगाच. १९७७ साली अजान चा हे थाई गुरू लंडनला आले आणि आपले अमेरिकन शिष्य अजान सुमेधो यांना इथं ठेवून गेले. (अजान म्हणजे आपला 'आचार्य'च.) हे भिक्खू हॅम्पस्टेडच्या छोट्या विहारात राहायचे आणि पात्र घेऊन भिक्षेला निघायचे. लंडनच्या रस्त्यावर भिक्षा कोण घालणार? तरी नेम मोडला नाही. १९७८ मध्ये हॅम्पस्टेड हीथवर धावायला आलेल्या एका माणसाची त्यांच्याशी गाठ पडली. वेस्ट ससेक्समध्ये त्याच्या मालकीचं जंगल होतं, ते त्यानं संघाला देऊन टाकलं! अनाथपिंडिक या व्यापाऱ्यानं बुद्धांना दान दिलेलं जेतवन बाबांना आठवेलच. त्या जंगलाजवळचं चिथर्स्टचं मोडकळीला आलेलं घर १९७९ मध्ये घेतलं. पुढे तिथं जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९८४ मध्ये अमरावती सुरू झालं, एका जुन्या शाळेच्या लाकडी इमारतींमध्ये.

आणखी एक. या भिक्खूंना बोलावणारा इंग्लिश संघ ट्रस्ट १९५६ मध्ये स्थापन झाला. दीक्षाभूमीचंच वर्ष.

भाषेची काळजी नको. त्रिसरण, पंचशील पालीतच आहे. चाल निराळी, शब्द तेच. मी आईला घेऊन गेलो होतो. आधी अवघडून मागे बसली होती. 'पाणातिपाता वेरमणी' कानावर पडलं आणि शेजारच्या श्रीलंकेच्या आजींच्या सुरात सूर मिसळून पुढचं म्हणू लागली. मला त्या दिवशी भरून आलं. हेमेल स्टेशनवरून टॅक्सी करा, आईला चालायला लांब पडलं होतं.

---

दादा,
मेल बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. जंगलाची गोष्ट दोनदा वाचायला लावली. येत्या रविवारी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. डब्यात वांग्याची भाजी आणि पोळ्या ठरल्या होत्या, पण बाबा म्हणतात, बुद्धपौर्णिमेला करतो तशी खीरही हवी. ती ते स्वतः करणार आहेत.