मदत हवी आहे : हरभऱ्याच्या बियाण्याला भुंगा, निंबोळी पावडर घालू का वेखंड?

वडूजकर :
नमस्कार मंडळी, आम्ही खटाव तालुक्यातले. गावरान हरभऱ्याचं घरचं बी मळणी झाल्यावर वाळवून गोणीत ठेवलंय, पेरा ऑक्टोबरात, आणि आत्ता जुलैतच गोणीत हात घातला तर बोटांना पीठ लागतंय. दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेत, नखानं खरवडावे लागतात, काहींना गोल भोकं पडलीत, बाकी माल वरनं चांगला दिसतोय. विषारी गोळ्या नकोत, गोणी झोपायच्या खोलीला लागून आणि घरात बारकी पोरं. आजी राखेत ठेवायची, आता चूलच नाही तर राख कुठनं आणायची! शेजारी म्हणतात निंबोळी पावडर घाल, मेव्हणा म्हणतो वेखंड, एकजण सीताफळाच्या बिया कुटून घाल म्हणाला. नक्की काय आणि किती घालायचं? उगवणीला धक्का नको. यातलंच थोडं डाळीला काढायचंय, चालंल का?

आटपाडीकर :
दादा ते ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. अळी अंड्याच्या तळातनं थेट दाण्यात घुसते आणि भुंगा होऊनच भोक पाडून बाहेर येते, म्हणून वरनं कुठलीही पूड चोळा, आतल्या अळीला ढिम्म काही होत नाही. पूड उपयोगी पडते ती बाहेर आलेल्या भुंग्यावर, त्यानं परत अंडी घालू नयेत म्हणून. आधी चाळून भोकाचे दाणे काढा, उघडीप मिळाली की कडक ऊन द्या, गार झाल्यावर वेखंड चोळा, किलोला १० ग्रॅम. काष्ठौषधीच्या दुकानातनं वाळलेल्या मुळ्या आणा आणि घरीच कुटा, बाळाला लावायच्या वेखंड पावडरीच्या डबीत भेसळ किती ते कुणाला माहीत.

मळेवाली :
निंबोळी पण चालते, १०० किलोला ५ किलो, पण निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या पाहिजेत, गेल्या सालची उन्हात पडलेली पूड असंल तर जोर गेलेला असतो. सीताफळाच्या बियांच्या नादी लागू नका भाऊ, पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते. आणि डाळीचा माल आधीच वेगळा काढा, वेखंड लावलेलं खायचं नाही, त्याला किलोला चमचाभर गोडेतेल चोळून ठेवा.

वडूजकर :
धन्यवाद ताई, दादा. पण ऊन कुठंय, आठवडा झाला झड लागलीय.

आटपाडीकर :
मग वेखंड लावून हवाबंद भांड्यात गच्च भरा, वर मोकळी जागा ठेवू नका, आतली हवा संपली की भुंगा गुदमरतो. फक्त दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दमट बी कोंडलं तर बुरशी धरंल. पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ८५ उगवले तर बिनधास्त पेरा, कमी आले तर त्या हिशोबानं बी वाढवा.

वडूजकर :
निळा बॅरल आहे, पण त्यात आधी तणनाशक होतं. धुऊन चालंल?

आटपाडीकर :
अजिबात नको!! उगवणच मारंल. तेलाचे पत्र्याचे डबे मिळतात बघा किराणावाल्याकडं, झाकणाला कडेनं चिकटपट्टी मारा.