सोलापुरातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी कामाच्या आजारांचं सत्र: दोन तासांत काय शिकवावं?

पूर्वभाग_आयोजक
साखर पेठ, विडी घरकुल आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी भागातल्या तीसेक फॅमिली डॉक्टरांचं सत्र ठरतंय. यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बाया, गणवेश शिवणारे हेच त्यांचे पेशंट. खोकल्याला, कंबरेला औषध मिळतं, पण केसपेपरवर काम काय ते लिहिलेलं नसतं. नुसती आजारांची यादी वाचून दाखवायची नाही. मग वेळ कशावर द्यावा?

फुप्फुस_आणि_धूळ
निम्मा वेळ विचारायचं कसं यावर द्या. "काय करता?" याला "कारखान्यात" एवढंच उत्तर येतं आणि डॉक्टर तिथेच थांबतात. पुढे विचारायला हवं: वायंडिंग (सूत गुंडाळणं), वार्पिंग (ताणा तयार करणं), माग की डाइंग (रंगाई)? किती तास? आधी कुठलं काम होतं? सुट्टीला बरं वाटतं का? शेजारच्या मागावरच्यांना हाच त्रास आहे का? शेवटचे दोन प्रश्न सर्वांत मोलाचे. विडी कामगार बाई "घरीच असते" म्हणते, म्हणून "विड्या वळता का?" असं सरळच विचारा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांना हे तेलुगूतून विचारता आलं तर फारच चांगलं.

छातीच्या तक्रारीत वार महत्त्वाचा. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढे हलकं वाटतं, तर कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिस, डोक्यात यायला हवा. डाइंगमधल्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचा दमा बहुधा उलटा: आठवडाभर वाढत जातो, सुट्टीत उतरतो. पेशंट सुट्टीच्या दिवशी दाखवायला येतो, छाती साफ ऐकू येते आणि निदान तिथेच हुकतं.

म्हणून पीक फ्लो मीटर (फुंकीचा जोर मोजणारं छोटं साधन) प्रत्येकाच्या हातात द्या. उभं राहून तीन फुंकी, त्यातली सर्वांत मोठी नोंदवायची. दिवसातून चारदा, किमान दोन आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. कामाचे तास त्याच कागदावर हवेत, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

ऑडिओ_सोलापूर
कानांना पंधरा मिनिटं पुरतील. हातभर अंतरावर ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज घातक आहे असंच धरा. मागाच्या शेडमध्ये हेच असतं. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) कामाची पाळी सुटल्यावर लगेच काढू नका. आवाजापासून सोळा तास दूर राहिल्यावर काढा. नाहीतर थकलेल्या कानाचं तात्पुरतं बहिरेपण कायमचं म्हणून नोंदलं जातं. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला की मळ, संसर्ग यांपेक्षा आवाजाचा संशय जास्त.

कामगार_आरोग्य_कायदा
कागदांचा भाग वगळू नका. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याच्या अनुसूचीतला, म्हणजे यादीतला आजार (बिसिनोसिस, आवाजामुळे बहिरेपण, दगड-वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस वगैरे) असल्याचं डॉक्टरला वाटलं, तरी लेखी कळवायचं असतं. पक्की खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं. पूर्वी कारखाना कायदा १९४८ च्या कलम ८९ मध्ये असलेलं हे बंधन आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेच्या कलम १२ मध्ये आहे. पेशंटचं नाव-पत्ता, आजार, कारखान्याचं नाव-पत्ता लिहायचा. पेशंटला हे आधी समजावून सांगा.

मालकाच्या हाती जाणारी चिठ्ठी वेगळी. तिच्यात निदान नको. पेशंटच्या संमतीशिवाय ते गेलं तर रोजगारावरच गदा येते. "आराम करावा" हेही निरुपयोगी, कारण रोजावरचा माणूस आराम करूच शकत नाही. "दोन आठवडे बीम (सुताचा जड रूळ) उचलू नये, बाकी काम चालेल" असं नेमकं लिहायला लावा. सत्रात प्रत्येकाकडून अशी एक चिठ्ठी लिहून घ्या आणि सगळ्यांसमोर तपासा.

घरी विडी वळणारीला चिठ्ठी द्यायला मालक समोर नसतो. तिथे सल्लाच कामाचा: भिंतीला पाठ टेकून बसणं, सूप मांडीवर न घेता पाटावर ठेवणं, तासाभराने उठणं, तंबाखू झोपायच्या खोलीत न ठेवणं, मुलाला घेण्याआधी हात साबणाने धुणं.