पियानोवादक व्हायचं आणि संस्थाही काढायची, नाशिकमध्ये जमेल का?

कॉलेजरोडची आई:
मुलगी बारावीला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पियानोची ग्रेड 8 परीक्षा झालीय. परवा जेवताना म्हणाली, पियानो हेच करिअर, आणि पुढे नाशिकमध्ये मैफली भरवणारी स्वतःची संस्था काढणार. बाबा ताटावरून उठले नाहीत एवढंच. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. ही दोन कामं एका माणसाला झेपतात का? पोट भरतं का?

ताल_बेताल:
आधी डिग्री करू दे. पियानो कुठे पळून जातोय? लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याला बरे पैसे मिळतात.

पंचवटीकाकू:
ताल_बेताल, तो धंदा वेगळा हो.

ताई, मी मुंबईत शिकले, लग्न होऊन इकडे आले. अकरा वर्षं छोटी संस्था चालवतेय. वर्षाला चार कार्यक्रम, ऐंशी खुर्च्या, त्यातल्या तीस रिकाम्या.

पोटाचं आधी सांगते. ग्रेड 8 नंतर एटीसीएल, एलटीसीएल, एफटीसीएल अशा पदविका असतात. खरी तयारी तिथून पुढे. ऑर्केस्ट्रात नोकरी म्हणाल तर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा 2006 पासून आहे, पण व्हायोलिनवाल्यांसारख्या पियानोवाल्याच्या तिथे रांगा नसतात. एकलवादक म्हणून बोलावलं तरच जायचं. घर चालतं ते शिकवण्यांवर. माझंही तसंच.

आता संस्था. सतारिया स्वतःची सतार घेऊन येतो, पियानोवाल्याला समोर येईल तो पियानो गोड मानावा लागतो. आमचा अपराइट, म्हणजे उभा पियानो, सहा हमाल जिन्यावरून उतरवतात. ट्यूनर मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने येतो. सव्वादोनशेच्या आसपास तारा, दोन-अडीच तास एकेक खुंटी पिळत बसतो. एका पावसाळ्यात त्याने दुपारी सगळं सुरात लावलं आणि सभागृहवाल्यांनी एसी थेट सहाला सुरू केला. त्याआधी दिवसभर दमट हवा, मग एकदम कोरडी. लाकूड आक्रसलं, मधलं सप्तक उतरलं. पाहुणी वादक माझ्याकडे बघत होती आणि मी दारात पार्किंगवरून भांडत होते. संचालक म्हणतात तो हाच.

त्या महिन्यात मी स्वतः किती वाजवलं? एकूण नऊ तास. वहीत लिहिलेलं आहे.

मोठ्या माणसांचंही तेच झालं. युरोपातला गाजलेला पियानोवादक लिस्ट. त्याने 1847 मध्ये, पस्तिशीतच, पैसे घेऊन करायचे मैफलींचे दौरे थांबवले आणि पुढच्या वर्षी जर्मनीतल्या वायमारला दरबारी संगीतप्रमुख म्हणून ठाण मांडलं. 1850 मध्ये संगीतकार वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा पहिल्यांदा उभा राहिला तो तिथेच. दुसऱ्याची कामं रंगमंचावर आणायची तर स्वतःचे दौरे सुटतात. आणि पंचवटीत राहून गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव न घेणं बरं नाही. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईला आणलं, स्वतः गावोगाव गाऊन पैसा उभा केला. पुढे इमारतीच्या कर्जापायी ती लिलावात गेली, आणि बुवा रामनाम घेत इथे नाशिकला येऊन राहिले. लोकांना एवढंच आठवतं. त्यांनी तयार केलेले शिष्य मात्र देशभर शिकवत राहिले, ते विसरतात.

मी मुलीला नको म्हणणार नाही. फक्त क्रम धरा. निदान दहा वर्षं वाजवायचं. संस्थेचं काम तोवर दुसऱ्याच्या संस्थेत शिकायचं: तिकिटं फाडायची, खुर्च्या लावायच्या, हिशेब ठेवायचा. आणि डिजिटल पियानोवर फार दिवस काढू नका. खऱ्या पियानोत हातोडी तारेवर पडते, ते वजन बोटांना लवकर कळलेलं बरं.

कॉलेजरोडची आई:
काकू, हे बाबांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांचा एकच प्रश्न: ट्यूनर किती घेतो?

पंचवटीकाकू:
फी, तपोवनचं तिकीट आणि जेवण. गुरुवारी बोलावू नका, आमच्या ट्यूनरचा उपास असतो. एकदा मी पुरणपोळी करून बसले होते.

ताल_बेताल:
काकू, पुढच्या कार्यक्रमाला त्या तीसमधल्या दोन खुर्च्या माझ्या.